डाव्या हाताची पेर

सकाळी शाळेत निघालो होतो. दार उघडलं तर उंबऱ्यापाशी सोपानराव उभे. अंगावर धूळ, पटका काढून हातात घेतलेला, मागे दमणीची बैलं तोंडाला फेस आणून उभी. सोपानराव म्हणजे माझ्या दाजींचे चुलतभाऊ आणि सगळ्या हयातीचे वैरी. ज्या माणसाने माझ्या बहिणीच्या सासरच्या दारात कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, तो रातोरात गाडी हाकून माझ्या दारात का आला असेल, हे विचारावं लागलंच नाही. तरी मी वेड्यासारखं विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "माणिक गेला, मास्तर. चला." आणि मग भिंतीला धरून खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं. खरं तर पाणी मला कुणीतरी द्यायला हवं होतं...

माणिकराव हे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मी बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे निजामाच्या शाळेत, मराठी शिकवतो, म्हणून ते मला नावाने कधी हाक मारत नसत. 'मास्तर' म्हणत, आणि त्यात अर्धी थट्टा असे. मेहुण्याची थट्टा हा दाजींचा हक्कच, पण मीही काही कमी नव्हतो. त्यांचं गाव बीडपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, चौसाळ्याच्या अलीकडे. काळीभोर जमीन, शाळूचं रान. पाटीलकीच्या दोन पात्या, म्हणजे घराण्याच्या दोन शाखा, थोरली आणि धाकटी. दाजी एका पातीचे, सोपानराव दुसऱ्या पातीचे, आणि थोरली कुठली नि धाकटी कुठली यावरच तर सगळं रामायण. कारण पोळ्याला वेशीत तोरण बांधलं की त्याखालून पहिली जोडी थोरल्या पातीची जायची. एवढासा तो मान. तोरणाखालून चार पावलं पुढे गेलं की सगळी बैलं सारखीच. पण त्या चार पावलांसाठी दाजींच्या वडिलांनी तहसीलपासून हैदराबादेपर्यंत उंबरे झिजवले आणि मरताना ते भांडण पोराच्या हाती दिलं. दाजींनीही ते देवाचा टाक घ्यावा तसं घेतलं. आक्काला मूलबाळ झालं नाही. एकदा मी चिडून विचारलं होतं, दाजी, हा मान मिळवून ठेवणार कुणासाठी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे सहा महिने मी त्या गावी गेलो नाही.

आणि हा माणूस पेरणीत कसा होता म्हणता! तिफणीवरच्या लाकडी वाटीला चाडं म्हणतात. पेरणाऱ्याने मागून चालत मुठीतून त्यात दाणे सोडायचे. मूठ सैल पडली की पीक दाटतं, आवळली की फट राहते. दाजींच्या मुठीची पेर बघायला शेजारच्या गावचे लोक बांधावर थांबत. पण पेरणीच्या ऐन दिवसांत नेमकी कोर्टाची तारीख लागायची. मग ती मूठ कुठल्याशा कचेरीच्या ओट्यावर रिकामी बसून राहायची आणि रान कुणीतरी दुसराच पेरायचा. आक्का माहेरी आली की एवढंच बोलायची, "ह्येंचं मन रानात न्हाई."

मग तो पोळा आला. दोन्ही पात्यांच्या जोड्या एकदम वेशीत घुसल्या. बैलाचा कासरा मुठीला गुंडाळू नये हे आमच्याकडे नागड्या पोरालाही कळतं; बैल उधळला तर कासरा सुटला पाहिजे. दाजींनी तो उजव्या हाताला घट्ट गुंडाळला होता, गर्दीत कुणी हिसकावू नये म्हणून. वाजंत्री, आरडाओरडा, शिंगाला शिंग... बैल बिथरला आणि तोरणाखालून सुसाट सुटला. पहिला. म्हणजे मान दाजींचाच झाला. दाजी मात्र वेशीच्या दगडाशी पडले होते. सरकारी दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली आणि उरलेली लाकडासारखी ताठ झाली.

ते दिवस त्यांनी माझ्या घरी काढले, आक्काही होती. वकील आला. त्याला तर दिवाळीच झाली होती. म्हणाला, हा हात कोर्टात दाखवला की सोपानराव आयुष्यभर डोकं वर काढणार नाहीत. दाजींनी ऐकून घेतलं. मग आक्काकडे वळून विचारलं, तुझं काय म्हणणं? इतक्या वर्षांत त्यांनी तिला हे प्रथमच विचारलं असावं, कारण ती भांबावून गेली. शेवटी म्हणाली, "पेरणीला तुमी रानात असावं. दुसरं मला काय बी नगं." वकील हसला. दाजी हसले नाहीत. पुढचे काही दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मला वाटलं, हात गेल्याचं दुःख. एका दुपारी मी जवळ बसलो तर आपण होऊनच म्हणाले, "मास्तर, ज्येच्यापायी भांडलो ते घावलं. आता घावल्यावर त्येचं करायचं काय, ते मला ठावं न्हाई." वकिलाला त्यांनी निरोप पाठवला, येऊ नका.

कुणी म्हणेल, झालं, माणूस बदलला. छे! इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. पुढची दोन वर्षं पोळ्याच्या दिवशी ते घराबाहेर पडले नाहीत. मुळात तापट माणूस, त्यात हा हात. आक्काने काय काय सोसलं ते तिचं तिला माहीत. पण माझ्या अंगणात वाळूचा ढीग होता. माझ्याकडे असले की त्यावर बसून ते डाव्या मुठीतून वाळू सोडत राहायचे. कधी भसकन सांडायची, कधी अडकायची. मी म्हणालो, दाजी, पोरखेळ चाललाय काय? तर म्हणाले, "व्हय. पोरागत शिकाया लागतंय समदं." पुढच्या साली त्यांनी आपलं रान डाव्या हाताने पेरलं. काय ती पेर! कुठे बोटभर जागेत दहा रोपं, तर कुठे हातभर फट. शाळू वर आला आणि त्यांची फजिती रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसू लागली. रान काही झाकून ठेवता येत नाही. सोपानरावांच्या पातीतली पोरं बांधावर उभी राहून हसायची. दाजी त्यांच्या देखत विरळणी करत राहायचे.

डाव्या हाताने पेरणं त्या गावात अशुभ मानतात. त्यामुळे पूर्वी ज्यांना दाजींची मूठ हवी असे, त्यांनी आता बोलावणं सोडलं. बोलावलं ते फक्त भागीरथीबाईंनी. ही बाई तरुणपणीच विधवा झालेली, वाट्याला थोडंसं रान आलेलं. चाड्यावर बाईने मूठ धरायची नाही, असा तिथला नियम; म्हणून दरसाल तिला पुरुषमाणसांची वाट बघत बसावं लागे, आणि सगळ्यांचं उरकून कुणी मोकळा होईपर्यंत जमिनीतली ओल उडून गेलेली असे. ती दाजींना म्हणाली, "माझ्या रानाला आता आनखी कंचं अशुभ लागायचं ऱ्हायलंय? या, धरा मूठ." दाजी गेले. ती पेरही वेडीवाकडीच झाली, पण वेळेवर झाली. पुढच्या साली तशाच आणखी दोघीतिघी आल्या. हळूहळू हाताला वळण येत गेलं, आणि दाजींनी एक नेमच करून टाकला, की वापसा आला की आधी ह्या बायकांची रानं, मग आपलं. वापसा म्हणजे ना चिखल ना कोरडं अशी पेरणीजोगी ओल. ती थोडेच दिवस टिकते. त्यामुळे दाजींचं स्वतःचं रान कधी साधे, कधी हुके.

मी वाद घालायचो. आक्काच्या तोंडचा घास काढून गावाला वाढताय, म्हणायचो. माझी बहीण होती ना ती. पण आक्काच मला गप्प करायची. तिच्या चेहऱ्यावर त्या वर्षांत जे आलं होतं ते मी माहेरी कधी पाहिलं नव्हतं. दाजी शेतातून आले की दोघं ओसरीवर बसून कुणाचं रान कसं उगवलं हे बोलत राहायची, जणू ती सगळी यांचीच. थकून भागून, कमरेला हात लावून उठायचे दाजी, पण झोप शांत लागायची. एकदा मी फारच लावून धरलं तेव्हा ते म्हणाले, "तरास कुणालाच चुकत न्हाई, मास्तर. वेशीत बी झाला, रानात बी हुतोय. कशापायी सोसायचा, तेवढंच आपल्या हातात हाय." मग लगेच, आपण फार बोललो असं वाटून असेल, माझ्या पांढऱ्याशुभ्र धोतरावरून माझी टिंगल सुरू केली. पोळ्याला ते पुन्हा जायला लागले होते. सगळ्यांत शेवटी, बैलाचा कासरा सैल धरून. तोवर तोरणाची पानं गळून वेशीत पडलेली असत.

त्या दिवशी दमणीत बसून जाताना सोपानराव मध्येच बोलू लागले. माझ्याकडे न पाहता, बैलांकडे बघत. "येवढी सालं पयला चालत आलो, मास्तर. मागं वळून बघावं तर ह्यो शेवटाला कुनासंगं तरी हसत येतोय. लई राग यायचा. वाटायचं, हा मला फसवून गेला." आदल्या दिवशी काय घडलं तेही त्यांनीच सांगितलं. भागीरथीबाईंचं रान शेवटचं होतं. पेर संपली, तिफण सोडली. उद्या आपलं, असं दाजी म्हणाले आणि बांधावर टेकले. पाणी मागितलं. बाई पाणी घेऊन येईपर्यंत माणूस नव्हता.

आक्का रडत नव्हती. मला पाहिलं आणि नुसती म्हणाली, आलास? मूल नसल्यामुळे अग्नी द्यायचा मान भाऊबंदाचा. सोपानरावांनी दिला. मी मात्र त्या सगळ्या वेळात दाजींवर चिडलेलो होतो, आणि अजून आहे. एक दिवस, फक्त एक दिवस आधी आपल्या रानात मूठ धरली असती तर काय बिघडलं असतं? गावाभोवती त्यांनी पेरलेल्या रानांना कोंब आले होते, आणि मधोमध माझ्या बहिणीचं रान काळंच्या काळं पडलं होतं. इतकी वर्षं ज्या बायकांसाठी राबले, त्यांच्यातलीच एक त्यांनी तिला करून ठेवली...

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तर सोपानराव तिफण जुंपून दारात. जाणती माणसं म्हणाली, सुतकात तिफण? सोपानरावही सुतकातच होते. आक्का उंबऱ्याबाहेर आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. "वापसा सुतक बघत न्हाई," ती म्हणाली. सोपानरावांनी चाड्याला हात घातला तेव्हा तिने त्यांना थांबवलं. "जोडी तुमी हाका, भावजी. मूठ मी धरते." कुणी काही बोलायच्या आत ती रानाकडे चालू लागली. तिच्या मागोमाग भागीरथीबाई निघाल्या. मला पाहवलं नाही. मी त्याच दुपारी बीडला परतलो.

परवा पुन्हा जाऊन आलो. शाळू गुडघ्याला आलाय. आक्काने हाताला धरून मला रानात नेलं. पेर वाईट झाली आहे, खोटं कशाला बोलू. कुठे दाटण, कुठे मोकळं. मी उगीच म्हणालो, पहिल्या खेपेला चांगलंच आलंय की. ती म्हणाली, न्हाई, बिघडलंय, पन पुढल्या साली सुधरंल, आन् पुढल्या साली आधी भागीरथीबाईचं पेरायचं हाय. चालता चालता एका तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, ती थांबली. तिथे हातभर जागेत एकही रोप नव्हतं. तिने वाकून त्या मातीवरून हात फिरवला.

"हितं मला रडू आलतं," ती म्हणाली. "मूठ थांबली, आन् तिफण पुढं गेली."

मी उभा राहून सगळं रान पाहिलं. तशा जागा पुष्कळ होत्या.