लांडगेबाई

आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई माळावरून लांडग्याची विष्ठा गोळा करून आणायच्या आणि गच्चीवर वर्तमानपत्र पसरून वाळवायच्या. शेजारीच घरमालकीणबाईंचे पापड असायचे. त्या ओरडल्या की बाई शांतपणे म्हणायच्या, "काकू, तुमच्या पापडाला हात लावत नाही मी. हे त्याचं जेवणाचं ताट आहे, ते बघतेय." मग काडीनं उकरून सशाचे केस एकीकडे, बोराच्या बिया दुसरीकडे. नाशिककडच्या या बाईंचं खरं आडनाव कॉलेजच्या पाटीवर होतं, पण गाव त्यांना लांडगेबाई म्हणायचं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "चांगल्या जनावराचं नाव दिलंत. गाढव म्हणाला असतात तर काय केलं असतं?"

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेब आले, जीपा आल्या, पाणी तेवढं आलं नाही. बाई टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या राहत आणि खेड्यातून आलेला माणूस दिसला की विचारत, "तुमच्या माळावर दिसतो का हो?" कोण दिसतो, हे कुणी विचारायचं नाही. सगळ्यांना माहीत असायचं.

वर्गात त्या सांगत, थंड डोंगरातला लांडगा अंगानं मोठा आणि केसाळ असतो. आपला बारीक, अंगावर केस नावाला. ऊन सोसायचं, मिळालं तर ससा, नाही मिळाला तर बोरं खाऊन दिवस काढायचा. "दुष्काळानं घडवलेलं जनावर आहे हे. तुमच्यासारखंच," म्हणायच्या. वर्गातली पोरं खूश व्हायची. पण त्यांचा खरा जीव एका वाक्यात होता. रक्त फिरतं राहिलं पाहिजे. एका माळावरचे लांडगे आपसातच जोड्या लावत राहिले तर पुढची पिल्लं एकाच ठशाची होतात. रोग आला की सगळीच जातात. "सगळ्यांजवळ एकसारखीच छत्री आहे आणि ती गळकी निघाली, तर कोरडा कोण राहील?" त्यांनी विचारलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आधी पाऊस तर पडू द्या." सगळ्यात जास्त बाईच हसल्या.

आमचं गाव निलंगा तालुक्यात, कर्नाटकाला लागून. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिलीच. हे मी आजही मान ताठ करून सांगते. शेवटच्या वर्षाला होते तेव्हा घरी माझं लग्न ठरलं, आईच्या धाकट्या भावाशी, म्हणजे माझ्या सख्ख्या मामाशी. आमच्याकडे यात नवल काहीच नव्हतं. दुष्काळात घरातल्या घरात सोयरीक सोपी. मानपान नाही, वऱ्हाड नाही. मामा वाईट नव्हता. पण माझी परीक्षा बुडत होती, आणि बाईंनी शिकवलेलं डोक्यातून जात नव्हतं. मी वर्गात दिसेना, मैत्रिणींकडून लग्नाचं कळलं, म्हणून बाई एक दिवस एसटीनं आमच्या दारात उतरल्या.

लग्नाचं त्यांनी आधी काढलंच नाही. माझ्या वडिलांना, अण्णांना, लांडग्यांचं विचारलं. अण्णा खुलले. "एक मादी फिरायलीय माळावर. तरणी हाय. आपल्या हिकडची न्हाई वाटत, कर्नाटकातून आली असंल."

"वयात आली की कळप सोडते ती," बाई म्हणाल्या. "कुठल्या कुठं जाते, परका जोडीदार बघते. म्हणून तर टिकलेत."

अण्णांनी बाजेवरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे आमच्या पोरीला लांडगी म्हणता काय बाई?"

"म्हणते. तिला परीक्षा देऊ द्या. आणि मामाशी नका लावू लग्न."

अण्णा चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "लांडग्याला भाऊबंद नसतेत बाई. मला हायत."

तेवढ्यात आई दारात येऊन बसली. आई म्हणजे अण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी. माझ्या पाठची तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिनं पदर सावरला आणि विचारलं, "बाई, माजी दोन लेकरं गेली. ती ह्यानंच गेली का?"

बाई आईजवळ जमिनीवर बसल्या. हो म्हणाल्या असत्या तर त्यांचं काम झालं असतं. पण म्हणाल्या, "मला माहीत नाही. असंही असेल, नसेलही. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे."

गेलेल्या लेकरांसाठी गावानं तिला काय काय ऐकवलं होतं, ते मला ठाऊक होतं. मग ती अण्णांना म्हणाली, "बोकड तर आपुन दर दोन वर्साला बाहेरचा आणताव. पोरीला परीक्षा देऊ द्या. भावाला मी सांगते."

तिनं सांगितलं. मामा आमच्याकडे यायचाच थांबला. पुढची कितीतरी वर्षं भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळायची आणि ताट घेऊन आत जायची. हे मी एकदा बाईंना पत्रात लिहिलं होतं.

मी पदवी घेतली, किनवटला आश्रमशाळेत शिक्षिका झाले, आणि नायगावच्या एका माणसाशी लग्न केलं, ज्याला आमच्या भावकीत कुणी ओळखत नव्हतं. तिकडे लातूरच्या माळावर नव्या जिल्ह्याच्या वसाहती उठल्या, रस्ते रुंद झाले. बाहेरचा लांडगा आत येईना, आतला बाहेर जाईना. बाई हेलपाटे घालत राहिल्या. मग एका वर्षी त्यांना काहीच सापडलं नाही.

निवृत्त होऊन त्या नाशिकला निघाल्या तेव्हा मी भेटायला गेले. सामान बांधलेलं होतं. मला वाटलं, लांडग्यांबद्दल बोलतील. काय बोलायचं ते मी मनात जुळवून गेले होते. त्यांनी मला शेजारी बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "आईंचा भाऊ येतो का गं आता?"

"यंदा आला," मी म्हटलं. "बायकोला, लेकरांना घेऊन. आईनं ओवाळलं."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला नाही. "सांगायचंस ना," म्हणाल्या. "इतकी वर्षं मला दिवाळी गोड लागली नाही."