पेट्याखाली पोहायची चड्डी

हसणार असाल तर चहा आधी संपवून घ्या, नाहीतर ठसका लागेल. आमच्या सासऱ्यांच्या दिवाणखान्यात माझा एक फोटो लावलेला आहे. डोक्यावर जरीचा म्हैसूर पेटा, खांद्यावर शाल, गळ्यात हार आणि खाली फक्त पोहायची चड्डी. तो फोटो भिंतीवर कसा चढला, ते सांगतो.

मी मूळचा साताऱ्याचा. आता म्हैसुरात हेब्बाळ भागात कंपनीत नोकरी, विजयनगर भागात घर, आणि बायको, वीणा, अस्सल म्हैसूरच्या मराठा घरातली. तिचं माहेर मंडी मोहल्ल्यात. पूर्वज म्हणे राजाच्या घोडदळात होते. आता घोडा सोडा, माझे सासरे स्कूटरसुद्धा बैलगाडीच्या वेगाने चालवतात. पण भिंतीवर बघा! पणजोबा तलवारीसकट, आजोबा मिशांसकट, मेहुणा कुस्तीत जिंकलेल्या गदेसकट. प्रत्येकाच्या डोक्यावर पेटा. आणि मी? लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मामा, म्हणजे माझे सासरे, माझी ओळख करून द्यायचे ती 'आमचे कंप्यूटरवाले जावई' अशी. मला ते लागायचं. खोटं कशाला बोलू? त्या भिंतीवर एक जागा रिकामी होती, आणि जेवताना माझं लक्ष भातावर कमी आणि तिच्यावर जास्त असायचं.

घोडा जमणार नव्हता, कुस्तीत तर पहिल्याच दिवशी बरगडी गेली असती. उरलं पोहणं, ते येत होतं. म्हणून शहराबाहेरच्या एका मोठ्या तलावात पाच किलोमीटरची शर्यत होती, तिच्यात नाव दिलं. किनाऱ्यावरून निघायचं, लांबवर तरंगणाऱ्या केशरी बोयाला वळसा घालायचा आणि त्याच किनाऱ्याला परत यायचं. साधा मामला.

"सराव किती लागेल?" मी ऑफिसातल्या मंजुनाथला विचारलं. तो असल्या शर्यतींत मुरलेला गडी.

"आठवड्यातून तीन-चारदा पूलमध्ये," तो म्हणाला. "रविवारी एकदा न थांबता लांबचं. आणि शेवटचा महिना तलावात. हे शेवटचं मात्र सोडू नकोस."

पहिल्या दोन गोष्टी मी नेमाने केल्या. तिसरीला फाटा दिला. भल्या सकाळी गाडी काढून तलावावर कोण जाणार? वीणाने विचारलंसुद्धा, "तलावात कधी जाणार?" मी म्हटलं, "अगं, पाणी ते पाणी!"

पूलमध्ये मी राजा होतो. तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून सरळ जायचं. भिंत आली की हात लावायचा, दम घ्यायचा, परत फिरायचं. समोर मोठं घड्याळ. चष्मा काठावर ठेवला तरी काही अडत नसे. पाच किलोमीटर पोहून झालं की खांदे असे भरून यायचे, की शर्ट घालायला वीणा लागायची. ती खूण मी पक्की डोक्यात ठेवली होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मामांकडे जेवायला गेलो.

"एवढ्या लांब जाऊन परत येणार, अल्वा?" मामांनी विचारलं. त्यांच्या मराठीत कन्नड मिसळतंच; अल्वा म्हणजे 'हो ना?'

"येणार ना मामा. तयारी पूर्ण झालीये."

"आयतु, ठीक. मग आम्ही सगळे येतो की."

'सगळे' म्हणजे किती, ते सकाळी कळलं. टेम्पो ट्रॅव्हलर भरून म्हैसूरच्या मराठा समाजाची मंडळी तलावावर उतरली. कुणाकडे शाल, कुणाकडे हार, कुणाकडे फळांची परडी. मामांच्या हातात डबा, आणि डब्यात पेटा! म्हैसुरात पेट्याशिवाय सत्कार होत नाही, आणि आमच्या सासुरवाडीला सत्कार उद्यावर ढकललेला चालत नाही.

"मामा, आधी शर्यत तर होऊ द्या."

"होऊ द्या की. तुम्ही पाण्यातनं वर आलात की लगेच घालणार. अंग ओलं असतानाच मान करायचा."

मी माझा चष्मा त्यांच्या खिशात ठेवला, आणि शिट्टी झाली.

पाण्यात तोंड घातलं आणि घाबरलो. काळी रेघ नव्हती. तळच नव्हता! नुसतं हिरवं गढूळ. भिंत नाही, घड्याळ नाही. आजूबाजूचे लोक दिसेनासे झाले. मला वाटलं, मागे पडले बिचारे. पूलमध्ये वर मान काढून बघायची सवयच नव्हती, म्हणून खाली बघत हात मारत राहिलो.

इतक्यात समोर केशरी काहीतरी दिसलं. आला की बोया, इतक्या लवकर? तयारी म्हणतात ती ही! बोयावर एक माणूस बसलेला होता आणि जोरजोरात हात हलवत होता. किती चांगली व्यवस्था, मी मनात म्हटलं. त्याला अंगठा दाखवला. तो ओरडायला लागला. मी पुन्हा अंगठा दाखवला, शास्त्रशुद्ध वळसा घातला आणि परत फिरलो. तोही माझ्या मागोमाग आला. शेवटच्या टप्प्यात सोबत देत असतील, नाही का?

किनारा जवळ आला तसे खांदे भरून आले. अगदी पाच किलोमीटरसारखे. भीतीनेही तसेच भरून येतात, हे मला कुठे माहीत!

बाहेर पाय टाकतो तोच हार पडला, शाल आली. मामांनी पेटा घातला. "आमच्या घरात पाण्यातला कोणी नव्हता," एवढंच ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. माझेही भरले. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. वीणाला सांगू नका. फोटो निघाले. कुणीतरी विचारलं, "किती सराव लागतो हो याला?" झालं, मी भाषण सुरू केलं. "लोक उगाच तलावात जा म्हणून घाबरवतात. काही गरज नाही. पाणी ते पाणी!" टाळ्या.

तेवढ्यात आयोजकांकडची एक मुलगी घोंगडी घेऊन धावत आली. "सर, छातीत दुखतंय का? मध्येच का परत आलात?"

"मध्येच? अहो, बोयाला वळसा घालून आलो की!"

तिच्या मागे तो केशरी होडीवाला धापा टाकत उभा होता. "सर," तो कन्नडमध्ये, फार हळुवारपणे म्हणाला, "तो बोया नव्हता. तो मी होतो."

मामांनी खिशातून चष्मा काढून दिला. मी घातला. लांब, फार लांब, पाण्यात काळे ठिपके हलत होते. सगळे पलीकडेच चालले होते. परत कुणीच फिरलं नव्हतं.

"पाणी ते पाणी," वीणा म्हणाली.

मी पेटा काढायला हात वर नेला. मामांनी हात धरला. "राहू द्या जावईबापू. एकदा ठेवलेला पेटा आमच्यात काढून घेत नाहीत. पुन्हा उतरता काय पाण्यात?"

मी तलावाकडे बघितलं. "नको मामा. पेटा भिजेल."

फोटो मात्र त्यांनी त्याच रिकाम्या जागी लावला. परवा पाहुणे आले होते. मामांनी अभिमानाने ओळख करून दिली, "हे आमचे पोहणारे जावई." मी छाती फुगवली. एका पाहुण्याने फोटोच्या अगदी जवळ नाक नेलं. "आणि मागं पाण्यात हे ठिपके कसले हो?"

मामा बशीत चहा ओतत होते. मानसुद्धा वर न करता म्हणाले, "ते होय? ते लोक शर्यत पोहतायत."