दोन चित्रांचा धडा

आमची ही, म्हणजे माझी बायको, भाषा शिकवते. शाळेत सगळे तिला बाई म्हणतात. नव्या मुख्याध्यापकांनी भरल्या स्टाफरूममध्ये तिला सुनावलं, "बाई, हे स्क्रीनवर शिकवायचं काम तुमच्याकडून व्हायचं नाही. तुम्ही आपला खडूच धरा." आणि तिचा दहावीचा वर्ग स्वतःकडे घेतला. त्या वर्गात तिचा जीव होता.

त्या दिवशी ती जेवली नाही. म्हणाली, "अहो, वर्ग परत घेईन. आणि तोही त्यांचं नाक कापून."

मी जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर काम केलं. कुठली मेहनत खरी आणि कुठली देखाव्याची, हे मला कळतं. हिची खरी होती. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात स्क्रीन लावून बसायची. चित्रं उडायची, आवाज गायब व्हायचा. ही पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिचे धडे असे जमले, की घंटा झाली तरी लहान वर्गातली पोरं उठेनात.

मग तेच धडे दहावीत दिसू लागले. मुख्याध्यापक ते शाळेच्या कॉम्प्युटरवरून उचलत, वर आपलं नाव टाकत आणि स्क्रीनवरचं अक्षरन् अक्षर वाचून दाखवत.

"चोर तो चोर, वर शिरजोर! सांग सगळ्यांना," मी म्हणालो.

"थांबा. खाऊ दे अजून."

शाळेची तपासणी जवळ आली तेव्हा तिने कॉम्प्युटरवर नवा धडा ठेवला. दोनच चित्रं: कुलूप लावलेलं दार, मग तेच दार सताड उघडं. बस्स. प्रश्न सगळे डोक्यात ठेवले.

मुख्याध्यापक सरांनी तो न बघताच उचलला. वर तपासणीच्या दिवशी वर्गात हिला म्हणाले, "बाई, मागे बसा. बघून शिका."

पहिलं चित्र आलं. वाचायला काहीच नाही.

"हे काय आहे?" सरांनी मुलांना विचारलं.

"दार, सर."

"आणि हे?" त्यांनी दुसरं चित्र लावलं.

"तेच दार, सर."

"आत जायचं का, सर?" मागून कुणीतरी पुटपुटलं. वर्ग फिसकन हसला.

तपासणीच्या मॅडम म्हणाल्या, "धडा तुमचाच ना? मग पुढे?"

सर स्क्रीनवर पुढचं चित्र शोधत राहिले. ही उठली. "मी घेऊ?" आणि मुलांना विचारलं, "कुलूप कुणी काढलं? त्याला आतलं काय हवं होतं? घरमालक आला, तर पहिलं वाक्य काय बोलेल?" वर्ग पेटला. हात खाली येईनात.

"या बाई या वर्गाला का नाहीत?" मॅडमनी तिथेच विचारलं. सोमवारपासून वर्ग हिचा.

नंतर सर आले. "बाई, मलाही जरा शिकवा की."

हिने टेबलावरचा खडू उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

"जास्त झालं का हो?" घरी तिने मला विचारलं.

"छे. अगदी मापात बसलं."