विमानाचं निर्लेखन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, निफाड रस्त्यावरच्या एका शाळेच्या आवारातलं निवृत्त लढाऊ विमान कटरने कापून भंगारात देण्यात आलं. काम सकाळी सुरू झालं आणि संध्याकाळी आवार रिकामं होतं. शाळेच्या व्यवस्थापन समितीने त्याला एकमताने मंजुरी दिली होती. ठराव मांडणारी सदस्य माझी आत्या होती. विमान कापल्याचं तिला सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी कळलं.

आत्या त्याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिचे यजमान, आमचे आतोबा, ओझरच्या विमान कारखान्यात रंगकाम विभागात होते. आयुष्यभर त्यांनी विमानांवर आकडे घातले. कारखान्यात आकडे साच्याने घालतात, त्यात कुणाचा हात ओळखू येत नाही. ते निवृत्त झाल्यावर शाळेला हे विमान मिळालं. मिग जातीचं, इंजिन काढून घेतलेलं, पंख वेगळे करून ट्रेलरवर आणलेलं. तीन सिमेंटच्या ओट्यांवर ते उभं केलं तेव्हा त्याचा रंग उडालेला होता आणि शेपटीजवळचा क्रमांक वाचता येत नव्हता. शाळेने आतोबांना बोलावलं. साचा नव्हता, म्हणून त्यांनी तो क्रमांक शिडीवर उभं राहून हाताने रंगवला. त्यातला तीनचा आकडा वरच्या बाजूला बारीक आला.

"हे तीन उपाशी राहिलं," आतोबा खाली उतरून म्हणाले. "पुन्हा घालतो."

"राहू द्या. तुमच्यासारखंच दिसतंय," आत्या म्हणाली.

ते तसंच राहिलं. हा प्रसंग आत्याने मला अनेकदा सांगितला आहे आणि त्यातला एकही शब्द कधी बदललेला नाही.

काही वर्षांनी आतोबा गेले. ते लिहिणारे गृहस्थ नव्हते. पत्रं आत्या लिहायची, किराणा आत्या लिहायची, लग्नाच्या पाकिटांवर नावंही तीच घालायची. त्यांच्या हातचं म्हणून दाखवता येईल असं एवढंच शिल्लक होतं, विमानावरचे आकडे. स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनाला गेली की ती विमानाच्या शेपटीकडून एक फेरी मारून यायची. तिथे ती थांबायची नाही.

मुलांच्या लेखी ते विमान म्हणजे शाळेतली एक जागा होती. वर्गाबाहेर काढलेल्या मुलाला विमानाखाली उभं करत. पुढच्या तोंडात चॉकलेटचे कागद आणि साळुंक्यांची घरटी असायची. आणि अंगावर मुलांनी लिहायला सुरुवात केलेली. आधी चाकांवर, मग पोटावर, पुढे दप्तरांवर चढून उंचावर. व्हाइटनरने, करकटकाने, खिळ्याने. बदामात दोन अक्षरं, वर्गाची तुकडी, शिक्षकांची टोपणनावं. गेल्या पावसाळ्यात हे लिखाण शेपटीजवळच्या आकड्यांपर्यंत पोचलं.

आत्याने हा विषय समितीच्या बैठकीत मांडला. त्या बैठकीला मी नव्हते. हजर असलेल्या तिघांशी मी नंतर स्वतंत्रपणे बोलले. आत्याचं वाक्य तिघांनीही सारखंच सांगितलं: "विमानाचं सुट्टीत निर्लेखन करून घ्यावं, आता बघवत नाही." त्यावर कुणीही काही विचारलं नाही. विषय मंजूर झाला आणि चहा आला.

मी वर्तमानपत्रात पानं लावण्याचं काम करते. त्या महिन्यात या जातीची उरलेली विमानं हवाई दलातून निवृत्त झाली होती. कुठल्या चौकात, कुठल्या कॉलेजात ती उभी राहणार याच्या बातम्या माझ्या हाताखालून जात होत्या. शाळेच्या विमानाची बातमी कुणीच दिली नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी आत्याला स्कूटरवरून घेऊन गेले. भाऊबीजेला जमलं नव्हतं म्हणून मी ओझरला तिच्याकडे राहायला आले होते. तिच्या पिशवीत शिक्षकांसाठी चकल्यांचा डबा होता आणि आतोबांच्या जुन्या बनियनची मऊ फडकी. साफ केलेल्या विमानावरून, निदान आकड्यांवरून, तिला स्वतः एक हात फिरवायचा होता.

फाटकातून आत शिरलो तेव्हा तीन ओटे दिसले. त्यांच्यावर कापलेल्या बोल्टांची टोकं होती. ओट्यांमधलं गवत पिवळं पडलेलं, आणि त्या पिवळ्या भागाला पंखांचा आकार होता. आत्या स्कूटरवरून उतरली आणि सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. मुख्याध्यापक जूनमध्येच बदलून आलेले, तरुण.

"सर, विमान कुठं नेलंत धुवायला?" तिने दारातूनच विचारलं.

ती गंमत करते आहे असं त्यांना वाटलं. ते हसले. "आता कसलं धुणं, बाई! एकदम साफ झालं."

"झालं ना साफ? मग आणा परत."

मुख्याध्यापक हसायचे थांबले. त्यांनी हेडक्लार्कना हाक मारली. हेडक्लार्क आले, त्यांनी आत्याच्या हातातला डबा घेऊन टेबलावर ठेवला आणि तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"बाई, तुम्हीच म्हणालात ना, निर्लेखन करा."

"म्हणालेच. पोरांनी लिहिलंय ते काढा म्हणाले."

"निर्लेखन म्हणजे डेडस्टॉकच्या नोंदवहीतून कमी करणं, बाई. मोडके बाक करतो, बंद पडलेले कॉम्प्युटर करतो, तसं. रीतसर दरपत्रकं मागवून दिलं."

"निर्जल म्हणजे काय?"

"पाणी नसलेलं."

"निर्दोष?"

"दोष नसलेलं."

"मग निर्लेखन म्हणजे?"

हेडक्लार्क म्हणाले, "भंगार, बाई. ऑफिसात भंगार."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सरकारी मराठीत त्या शब्दाचा तोच अर्थ आहे, आणि मला तो माहीत होता. जुन्या बसच्या, जुन्या इमारतींच्या बातम्यांत तो येतो. आत्या आयुष्यभर मराठी शिकवत होती, पण डेडस्टॉकचं काम कधी तिच्याकडे नव्हतं. तिने शब्दाची फोड करून अर्थ लावला होता. व्याकरणाने तो बरोबर होता.

ती बाहेर आली आणि मागच्या ओट्यावर, बोल्टांच्या मधे, बसली. पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. शिपाई जवळ येऊन उभा राहिला. तो शाळेत तिच्या वेळेपासून होता.

"मी इचारलं होतं, बाई, साहेबांना, खरंच कापायचं का म्हणून. ते म्हणले बाईंचाच ठराव हे. मंग म्हणलं, बाईंच्या मनात काय आसंल ते आसंल."

"शेपटी कुणी कापली?"

"त्यांची माणसं होती. हायड्रा क्रेन आणला होता. लय आवाज झाला. साळुंक्या दुपारपर्यंत वरच फिरत होत्या."

"शेपटी आख्खी नेली की तुकडे केले?"

आत्याने तोच प्रश्न त्याला पुन्हा विचारला, मग मला, मग बाहेर आलेल्या मुख्याध्यापकांना. शब्द तेच, आवाज तोच.

बैठकीत अर्थ का विचारला नाही, हे मी नंतर समितीच्या सदस्यांना विचारलं. एक द्राक्षबागाईतदार, आत्याचे जुने विद्यार्थी, म्हणाले, "बाईंना शब्दाचा अर्थ विचारायचा? त्यांनी तिथंच तास घेतला असता. 'पाणी' नीट लिहीपर्यंत त्यांनी मला बाकावर उभं केलंय." दुसऱ्यांचं उत्तर वेगळं होतं. "आम्हाला वाटलं, सर गेल्यापासून बाईंना ते विमान बघवत नसेल. त्या म्हणाल्याही तसं, बघवत नाही म्हणून. मग काय विचारणार? वाईट वाटलं, मंजूर केलं." ते आतोबांना सर म्हणत. आतोबा कुठंच सर नव्हते.

त्याच दुपारी हेडक्लार्कना गाडीत पुढे बसवून आम्ही अंबडला, विमान घेतलेल्या भंगारवाल्याकडे गेलो. गाडी मुख्याध्यापकांची, चालवत तेच होते. वाटेत ते दोनदा म्हणाले, "माझी चूक झाली, बाई." दोन्ही वेळा आत्या म्हणाली, "गाडी बघून चालवा."

भंगारवाल्याचं आवार औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला होतं. दारात कंप्रेसर, मोटारी, लेथ यंत्रांचे सांगाडे. मालक पन्नाशीचा, पायात स्लीपर, बोलणं अर्धं हिंदी.

"विमान? ते तर निघालं, मावशी. अपना माल इथं ठरत नाही. ॲल्युमिनियम परवाच भट्टीला गेलं."

"शेपटी?"

"सगळंच. तोंड तेवढं एका रिसॉर्टवाल्याने नेलं, फोटो काढायला. बोलला, वाइनची बाटली हातात घेऊन लोक उभे राहतील." तो हसला, आमच्यापैकी कुणी हसलं नाही तसा थांबला. "काय झालं? चोरीचा माल आहे का? माझ्याकडे कागद आहे."

"चोरीचा नाही," हेडक्लार्क म्हणाले. "शेपटीजवळ आकडे होते. बाईंच्या मिस्टरांनी काढलेले."

मालकाने आत्याकडे नीट पाहिलं. मग आतल्या माणसाला हाक मारली. "अरे, त्या पत्र्याचं काय केलं? गाडी धुतो तिथं टाकलेला?"

आवाराच्या कोपऱ्यात नळ होता. नळाखाली चिखल होऊ नये म्हणून विमानाचा एक पत्रा टाकलेला होता, मोठ्या परातीएवढा, कडा कटरने वेड्यावाकड्या झालेल्या. आकड्यांची बाजू खाली होती. मालकाने तो स्वतः उचलून उलटा केला, नळ सोडला आणि हाताने चिखल काढला. तीनचा एक पूर्ण आकडा निघाला. त्याच्या पुढच्या आकड्याची नुसती वरची रेघ होती. तीनवर करकटकाने कोरलेलं होतं: दहावी ब.

"हेच का?" मालकाने विचारलं. "बघा नीट, मावशी. तीन तर कुणाचंही असतं."

"उपाशी आहे," आत्या म्हणाली. "आमचंच आहे."

मालकाला ते कळलं नाही. त्याने एका माणसाला पत्रा गाडीत ठेवायला सांगितलं. त्या माणसाने सवयीने तो काट्यावर ठेवला. "ए, वजन नको रे," मालक म्हणाला. आत्याने पिशवीतून फडकी काढली आणि कापलेल्या कडांना गुंडाळली. रात्री ती जेवली नाही. सकाळी तिने शिळ्या पोळीचा कुस्करा केला आणि मला म्हणाली, "शब्दकोशात बघितलं. आहे तो ऑफिसातला अर्थ. पहिलाच दिलाय."

बाकीच्या तुकड्यांचा मी शोध घेतला. भट्टीवाल्याने माल वितळल्याचं फोनवर सांगितलं. शेपटीची दुसरी बाजू, जिथे आतोबांनी तेच आकडे पुन्हा काढले होते, तीही त्यातच होती. रिसॉर्टवर विमानाचं तोंड उभं आहे. मी ते पाहून आले. त्याला लाल रंग दिला आहे.

समितीची पुढची बैठक महिनाभराने झाली. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. ही माहिती हेडक्लार्कची आहे आणि मुख्याध्यापकांनी तिला दुजोरा दिला आहे. 'गैरसमजातून निर्लेखन झाले' अशी दुरुस्ती करावी, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. आत्याने इतिवृत्त मागून घेतलं आणि पूर्ण वाचलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती तिने नीट केली.

"शब्द बरोबर आहे," ती म्हणाली. "आहे तसाच ठेवा." आणि सही केली.

शाळेने ओट्यांच्या जागी सायकलींसाठी शेड बांधलं आहे. पत्र्याचा तुकडा आत्याच्या घरी, पुढच्या खोलीच्या खिडकीत, भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने कडा घासून दिल्या. त्याने पॉलिश मारून वरचं कोरलेलंही घालवतो म्हणून सांगितलं होतं. आत्याने नको म्हटलं. 'दहावी ब' अजून तिथे आहे.