डॅनिश पास, इलोकानो कॅन्सल

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या आमच्या ऑफिसात डॅनिश भाषेतल्या कुत्र्यावरून मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. डॅनिशमध्ये 'ती' आणि 'कुत्रा' हे शब्द ऐकायला जवळजवळ सारखेच. कुत्रा म्हणताना आवाज घशात किंचित अडतो, एवढाच फरक. हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पेशंटला रोज फोन करून औषधं, पथ्य, ड्रेसिंग समजावून सांगणारा यांत्रिक आवाज आम्ही बनवतो. त्या आवाजाने एखाद्या बाईला कुत्रा म्हटलं तर? म्हणून खास कोपनहेगनहून एक अभिनेत्री आणली, स्टुडिओ घेतला. मी टेस्टर. दिवसभर हेडफोन लावून तो घशातला अडथळा ऐकत बसायचे. मला ती भाषा आवडायला लागली होती. अर्धे उच्चार गिळणारी, पन्नासला 'अडीच वेळा वीस' म्हणणारी. अडीच हा शब्द कशाला लागतो हे त्या ऑफिसात आम्हा मराठी माणसांना समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच वेळी दुसरी भाषा होती इलोकानो. उत्तर फिलिपिन्सची. ती बोलणारे डॅनिश बोलणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत आणि त्यांतले कितीतरी इथे अमेरिकेत म्हातारे झालेत. तिच्यासाठी अभिनेत्री नव्हती, स्टुडिओही नव्हता. मशीनने इंग्रजीवरून भाषांतर केलं. पेशंट जे उत्तर देईल ते समजून घ्यायला टागालोगसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर लावलं. टागालोग ही मनिलाची भाषा, इलोकानोपेक्षा निराळी. हे माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती भाषाशास्त्र शिकलेली, घरी आईवडिलांशी इलोकानोच बोलणारी.

आमचा मॅनेजर पुण्याचा. मी त्याच्याकडे गेले.

"अगं, डॅनिश ही लँग्वेज आहे," तो म्हणाला. "इलोकानो म्हणजे बोली यार. त्यांना टागालोग कळतं सगळ्यांना. कशाला एवढं स्ट्रेच करतेस?"

बोली. मी नागपूरची. पुण्यात पहिल्या नोकरीत मी 'करून राहिली' म्हटलं की हसणारी माणसं मला आठवली. माझे कान तापले. पण तेव्हा मी एवढंच म्हणाले, "एकदा तिचं ऐकून तरी घ्या." तो मानेनेच नाही म्हणाला आणि लॅपटॉपकडे वळला.

काही दवाखान्यांच्या पेशंटना फोन सुरू झाले. एक दिवस माझ्या सहकारी मुलीने हेडफोन काढून माझ्यापुढे धरला. "ऐक," म्हणाली.

रेकॉर्डिंगमध्ये एक म्हातारा माणूस बोलत होता. डायबेटिसमुळे पायाचं एक बोट काढावं लागलेला. रोज सकाळी आमचा आवाज त्याला सांगायचा, आता पट्टी बदलायची आहे. इंग्रजी वाक्यात 'वी' हा शब्द होता. आता आपण पट्टी बदलूया, अशा अर्थाचं. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' एकच. डॅनिशमध्येही एकच. पण इलोकानोत आपल्या मराठीसारखेच दोन वेगळे शब्द आहेत. मशीनने 'सुकातनमी' म्हटलं होतं. म्हणजे पट्टी आम्ही बदलू, तुम्ही नाही. हवं होतं 'सुकातनतायो', आपण बदलू.

"तो काय म्हणतोय?" मी विचारलं.

"आवान पाय ति इम्माय. अजून कुणी आलं नाही."

रोज तेच उत्तर. अजून कुणी आलं नाही. आणि रोज आमचा आवाज गोड स्वरात म्हणायचा, धन्यवाद, छान चाललंय. टागालोग ऐकणाऱ्या मशीनला त्याचं काहीच कळत नव्हतं. माझ्या सहकारी मुलीने त्या घरी फोन केला. बायकोने सांगितलं, नर्स येईल म्हणून ती रोज दाराची कडी काढून ठेवायची, कॉफी करून ठेवायची. पट्टी तशीच राहिली. जखम चिघळली. शेवटी पायाचं आणखी एक बोट कापावं लागलं.

मी उठले आणि थेट मीटिंगच्या काचेच्या खोलीत गेले. मॅनेजर दवाखान्याच्या लोकांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. मी त्याच्या बाजूला उभी राहून त्यांना सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता. व्हिसा, ग्रीन कार्ड, काही म्हणता काही डोक्यात आलं नाही. "एका कुत्र्यासाठी तुम्ही अभिनेत्री आणलीत," मी त्याला मराठीत म्हणाले, "आणि या माणसाचं बोट गेलं."

मला वाटलं होतं, आता इलोकानोचं काम नीट होईल. आठवडाभरात ईमेल आली. इलोकानो 'रिस्की' आहे म्हणून कॅन्सल केलं. त्या पेशंटना आता इंग्रजीत फोन जाईल. मला प्रोजेक्टमधून काढलं. डॅनिश पास झालं त्या दिवशी ऑफिसच्या किचनमध्ये डेन्मार्कच्या झेंड्याचा लाल-पांढरा केक होता. माझी सहकारी केकजवळून सरळ निघून गेली. पुढे तिने नोकरीच सोडली.

त्यानंतर आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. मॅनेजर कमिटीवर. कुर्ता घालून माइकवर तो मातृभाषेबद्दल बोलला. आपली मुलं मराठी बोलत नाहीत, भाषा गेली की माणूस पोरका होतो वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हाताची मूठ वळली.

जेवणाच्या रांगेत मी त्याला गाठलं. "त्या आजोबांची भाषा गेली नाही का?"

"आता इथे ऑफिस नको ना यार," तो हसत म्हणाला. "वहिनी, हिला श्रीखंड वाढा जरा."

मी रिकामी प्लेट त्याच्या हातात दिली आणि बाहेर आले. नवरा मागून आला. "काय झालं?" त्याने विचारलं. गाडीत बसल्यावर मी सांगायला लागले, आणि सांगता सांगता नागपुरी कधी बोलायला लागले, कळलंच नाही. त्याने मला मध्ये टोकलं नाही.

माझी ती जुनी सहकारी आता त्या आजोबांच्या मुलीला ओळखते. सकाळचा फोन वाजला की मुलगी कामावरून लाइनवर येते, आमच्या कंपनीचं इंग्रजी ऐकते आणि वडिलांना इलोकानोत समजावून सांगते. मी अजून तिथेच काम करते. हल्ली मला नॉर्वेजियन दिलंय.