कोमट लस

मी लसींच्या पुरवठ्यावर संशोधन करतो. कारखान्यातून निघालेली बाटली दवाखान्यातल्या सुईपर्यंत थंड राहून पोहोचते की नाही, वाटेत कुठे अडते, कुठे तापते, हे शोधायचं आणि कोल्हापुरातल्या कॉलेजात मुलांना शिकवायचं, हा माझा धंदा. काम माणसांच्या लसींचं. पण वारणेकाठच्या आमच्या गावाने तो फरक कधी केला नाही. गावात मी 'लशीचा डॉक्टर'.

लम्पीची साथ आली तेव्हा थोरल्या भावाचा फोन आला. शेती आणि गोठा तोच सांभाळतो. गावात जनावरांना लस टोचायचा कार्यक्रम ठेवलाय, पुढारी येणार आहेत, तुझाही सत्कार करायचं ठरलंय, असं तो म्हणाला. आवाजात कौतुक होतं. मी गेलो.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. लोक गाई-म्हशी धरून उन्हात उभे. पुढारी कुठल्याशा उद्घाटनात अडकले होते. टेबलावर हार, नारळ आणि मधोमध लसीच्या बाटल्या, फोटोत याव्यात म्हणून मांडलेल्या. मी एक उचलली. कोमट लागली. जनावरांचा डॉक्टर, तरुण माणूस, शेजारीच उभा होता. लसीची भुकटी पाण्यात कधी कालवली, असं मी त्याला विचारलं. साहेब आल्या आल्या टोचायला तयार हवी म्हणून सकाळीच कालवून ठेवायला लावली, असं त्याने खाली बघत सांगितलं. एकदा कालवली की ती बर्फावर ठेवावी लागते आणि लगेच संपवावी लागते. उन्हात तिचा जोर जातो. हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढारी आल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन हे सांगितलं. त्यांनी ते माईकवरून सगळ्यांना सांगितलं. "सर म्हणत्यात लस गरम झाली. आता म्हशीला थर्मामीटर लावून टोचायची काय?"

मांडव हसला. मग मीही माईक मागून घेतला आणि म्हणालो, ही टोचून उपयोग नाही, टोचून घेऊ नका, नवी मागवू.

लोकांनी माझं ऐकलं. सगळ्यात आधी माझ्या चुलतीने गाय माघारी वळवली. चुलता गेल्यापासून त्या एका गाईच्या दुधावर तिचं घर चाललेलं. आपलं पोरगं शिकलेलं आहे, ते खोटं कशाला सांगेल, असं शेजारणीला म्हणत ती निघाली आणि तिच्यामागे गाव निघालं. पुढाऱ्यांनी ठरल्याप्रमाणे माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि हळूच म्हणाले, "आता तुम्हीच आणा की लस." शेजारच्या गावाच्या वाट्याच्या बंद बाटल्या घेऊन गाडी तिकडे गेली.

मी आणायला निघालो. पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांपैकी काहींना लस थंड कशी ठेवायची याचं प्रशिक्षण मीच दिलं होतं. सगळ्यांनी फोन उचलले, सर-सर केलं, आणि तुमच्या गावाचा वाटा देऊन झालाय, आता पुढच्या खेपेला, असं सांगितलं. मग मी त्यांच्या दालनांबाहेर बसून राहिलो. पुरवठा नेमका कुठे अडलाय हे मी बोट ठेवून दाखवू शकत होतो. त्याने एक बाटली जागची हलली नाही.

आधी भावाची कालवड आजारी पडली, मग चुलतीची गाय. अंगभर गाठी, पाय सुजून खांबासारखे. बसलं की उठता येत नाही म्हणून ती बसायचीच नाही. गाठी फुटल्या, त्यांत किडे पडले. चुलती कडुलिंबाच्या पाण्याने धुवायची आणि दिवसभर माशा वारत बसायची. गाय मेल्यावर जेसीबीने ओढ्याकाठी खड्डा काढला. लस आली ती त्यानंतर.

मी भेटायला गेलो तेव्हा चुलती रिकामा गोठा झाडत होती. दुसरी गाय घेऊन देतो, असं मी म्हणालो. तिने झाडू थांबवला नाही. ती लस खराबच होती काकी, असंही म्हणालो.

"शेजारच्या गावात बी तसलीच टोचली," ती म्हणाली. "त्यांची जनावरं उभी हायती. तुझं शिक्षान तेवढं माझ्या गोठ्यावर नांगर फिरवून गेलं."

ती खरं बोलत होती. त्या डॉक्टरची तोवर लांब बदली झाली होती. त्याला फोन करून मी खात्री केली. तिथेही तसाच मांडव, तसाच उशीर, लस तशीच आधी कालवलेली. तिच्यात थोडा जोर उरला होता, की साथ त्या बाजूला वळलीच नाही, हे मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. गावाला मात्र ते पक्कं ठाऊक आहे.

भावाने मला कधी बोल लावला नाही. यात्रा जवळ आली तेव्हा त्याचा फोन आला. उसाचं बोलला, मुलांचं विचारलं. मग म्हणाला, "यंदा येऊ नगंस. तू पंगतीला बसलास तर ताटावरनं उठून जाईन म्हणालीया काकी."

मी बरं म्हणालो.  तो पुढे म्हणाला, की मी आलो नाही तर त्यालाही बरंच पडेल. दूध घालायला गेलं की लोक त्याला अजून ऐकवतात.