कासारमावशींचं औषध

कासारमावशी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी हाताकडे. समोर डॉक्टर आहे की रिक्षावाला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसायचं. हात पुढं आला की बोटं, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा, मनगट असं सगळं एका नजरेत बघून त्या बांगडीचं माप ठरवून टाकायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांचा रक्तदाब घ्यायला दंडाला पट्टा गुंडाळत होते, तर त्यांची नजर माझ्या हातावर. "सव्वादोन," त्या म्हणाल्या. "पण हाडं कडक हायत. भरताना रडशील."

मी संभाजीनगरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या संशोधन विभागात काम करते. नवी औषधं बाजारात येण्याआधी ती रुग्णांना देऊन बघतात. त्या अभ्यासात रुग्ण कधी यायचे, कोणत्या तपासण्या व्हायच्या, गोळ्या कुणाला किती द्यायच्या, हे सांभाळणं माझ्याकडे. कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे. रुग्ण 'स्टडीवाल्या मॅडम' म्हणतात. मावशी 'पोरी' म्हणायच्या, आणि 'अभ्यास' हा शब्द ऐकून बरेच दिवस त्यांची समजूत होती की मी अजून शिकतेच आहे. दर वेळी विचारायच्या, "तुझा अभ्यास संपला नाय व्हय अजून? लगीन कधी करायचं मग?"

त्या फुलंब्रीच्या. रोज सकाळच्या एसटीनं शहरात यायच्या आणि शहागंजातल्या आपल्या अरुंद दुकानात बांगड्या भरायला बसायच्या. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं होतं. आणि मग संधिवात आला. वयाबरोबर येणारी गुडघेदुखी नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, तो. बोटांची पेरं सुजली. सकाळी मूठ वळेना. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागायचा. पण या सगळ्यापेक्षा जास्त त्यांच्या मनाला एक गोष्ट लागली होती. एका नव्या नवरीला चुडा भरताना त्यांचा हात आवळला गेला, बांगडी फुटली आणि काच पोरीच्या हातात घुसली. "सासूनं उठवून नेली तिला," मावशी सांगायच्या. "माझ्या दुकानातून! शेजारच्या दुकानात जाऊन भरल्या त्यांनी, माझ्या डोळ्यांदेखत."

नेहमीच्या गोळ्या त्यांना सोसल्या नाहीत, यकृत बिघडलं. त्यापुढची इंजेक्शनं त्यांच्या आवाक्याबाहेरची. अशा वेळी आमच्या सरांकडे याच आजारावरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास आला. सर म्हणजे सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर. हळू बोलणारे, वाद टाळणारे. त्यांनी मावशींना समजावून सांगितलं, मग मी संमतीपत्र वाचून दाखवलं. धोके काय, तपासण्या कोणत्या, आणि अभ्यास संपला की औषधही बंद होईल, हे सगळं. शेवटचं वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचलं.

"संपंल तवा बघू," मावशी म्हणाल्या. "आधी मूठ तर वळू दे."

मावशींचा स्वभाव चिडका होता हे सांगायलाच हवं. दवाखान्यातल्या कशावरच त्या खूश नसायच्या. बाक थंड, पंखा डोक्यावर, रक्त काढणारा भाऊ नुसता बोलघेवडा. सगळ्यात जास्त राग त्यांना आमच्या प्रश्नांचा. "मावशी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. आज किती?" असं मी विचारलं की त्या भडकायच्या.

"दुखणं काय भाजी हाय व्हय, मापून द्यायला?"

"तरी अंदाजे सांगा."

"सकाळी दहा. एसटीत आठ. तुझ्यासमोर बसलं की अकरा."

अकरा हा आकडा तक्त्यात नव्हता. मी दहा लिहायची आणि त्या वाकून बघायच्या, लिहिलं का ते.

दुसरं भांडण खऱ्याखोट्या गोळीचं. सुरुवातीच्या काळात काहींना औषध आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली जाते. कुणाला काय मिळतंय हे कुणालाच सांगत नाहीत. मावशींचे हात काही केल्या सुधारेनात.

"मला खोटी देतीस ना?"

"मला माहीत नाही मावशी. सरांनाही माहीत नाही."

"मग माहीत तरी कुणाला हाय?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरला."

त्यांनी कपाळावर हात मारला. "माझे हात हिथं वाकडे व्हायलेत, आन् माहिती कॉम्प्युटरला!" त्या चिडून गेल्या, पण पुढच्या तारखेला आल्या. तारीख त्यांनी कधीच चुकवली नाही.

मग अभ्यासाचा पुढचा टप्पा आला. आता सगळ्यांनाच खरं औषध मिळणार होतं. पहिल्या भेटीत फरक नव्हता. त्यानंतरच्या भेटीला मावशी आल्या त्या न बोलता. बाकावर बसल्या, पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि माझा हात ओढून मांडीवर घेतला. मी म्हणाले, "मावशी, हे असं चालत नाही इथं." त्यांनी ऐकलंच नाही. एका हातानं माझ्या अंगठ्याखालचा भाग दाबून धरला, बोटं जुळवली आणि दुसऱ्या हातानं बांगडी अशी काही सरकवत आणली, की कडक हाडांवरून ती कधी मनगटात गेली ते कळलंही नाही. एकामागून एक, सगळ्या. एकही फुटली नाही. सर दारात उभं राहून बघत होते. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, पण त्यांना डोळे पुसताना तेवढं एकदाच पाहिलं.

"आता लिही," मावशी म्हणाल्या. "लिही शून्य."

त्या काळातल्या मावशी मला आठवायला आवडतात. दुकान पुन्हा सुरू झालं होतं. सणासुदीला दम खायला वेळ नसायचा. तपासणीला आल्या तरी भांडायच्याच, पण आता भांडण घाईचं असायचं: "लवकर कर पोरी, गिऱ्हाईक खोळंबलंय."

आणि मग अभ्यास संपला.

शेवटच्या भेटीत उरलेल्या गोळ्या रुग्णाकडून परत घ्याव्या लागतात. मावशींनी डबी पदराच्या गाठीत बांधून आणली होती. गाठ सोडायला त्या तयार नव्हत्या.

"ह्या तर माझ्या हायत."

"नाही मावशी, त्या कंपनीच्या."

"कंपनीचे हात दुखत्यात व्हय?"

 सगळं आधी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं होतं, मान्य केलं होतं. नियमाप्रमाणे कुणाचंच काही चुकलं नव्हतं. चिडायला समोर माणूसच नसेल, तर माणसानं चिडायचं कुणावर? शेवटी मावशींनी स्वतःच गाठ सोडली आणि डबी टेबलावर आपटली. झाकण उडालं. मी खाली बसून गोळ्या गोळा करत होते आणि त्या माझ्या डोक्यावरून म्हणत होत्या, "मोज आता. एक जरी कमी भरली तर मला चोर म्हण."

सरांनी कंपनीला लिहिलं, ज्या रुग्णांना गुण आलाय त्यांना औषध पुढं चालू ठेवता येईल का? उत्तर आलं की विनंती विचाराधीन आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा विचाराधीन. इकडे मावशी ठरलेल्या वारी येतच राहिल्या. त्यांच्या नावानं आता भेट नव्हती, तपासणी नव्हती, तरी अभ्यासाच्या बाकावर येऊन बसायच्या. "आलं का?" एवढंच विचारायच्या. मी नकारार्थी मान हलवायची. सर दुसरी औषधं देऊन बघत होते. थोडा आराम पडायचा, पुन्हा सूज. दर आठवड्याला त्यांची बोटं जरा जास्त आत वळलेली दिसायची. मला तो वार नकोसा झाला. त्या जिन्यावर दिसल्या की मी फायलीत डोकं घालायची. आणि त्या एखाद्या आठवड्यात आल्या नाहीत, तर त्याहून वाईट वाटायचं.

बऱ्याच महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं. या औषधावरचं काम त्यांनी थांबवलं होतं. कारण व्यावसायिक. औषध चालत नव्हतं म्हणून नव्हे. बाजारात त्याच जातीची इतर औषधं आली होती, मावशींच्या आवाक्याबाहेरची, आणि कंपनीला आता यात फायदा उरला नव्हता. म्हणजे ती गोळी कधीच, कुठल्याच दुकानात मिळणार नव्हती. सरांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर आवाज चढवला. "मी त्या बाईला सांगायचं काय?"

सांगायला मी गेले. शहागंजातलं ते दुकान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढं मावशींची सून सुनीता बांगड्या भरत होती. मावशी मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या, मापं सांगत. सुनीताचा हात अजून बसलेला नव्हता, गिऱ्हाईक कळवळत होतं आणि मावशी आतून ओरडत होत्या, "अगं, आधी बोटं जुळव तिची!" स्वतःचे हात त्यांनी पदराखाली घेतले होते.

मी सगळं सांगितलं. 

"म्हंजी औषध नापास झालं?"

"नाही मावशी. पास झालं होतं."

"मग बंद का केलं?"

"त्यांना परवडत नाही म्हणाले."

त्यांनी पदर हातांवर आणखी ओढून घेतला. मग म्हणाल्या, "नापास झालं असतं तर बरं झालं असतं गं. मनाला समजावलं असतं." सुनीतानं चहा आणला. कप घ्यायला मावशींनी हात बाहेर काढले नाहीत.

त्यानंतर दुसऱ्या कंपनीची माणसं याच आजारावरचा अभ्यास घेऊन आली. सर, वाद टाळणारे आमचे सर, या वेळी अडून बसले. ज्याला गुण येईल त्याला औषध बाजारात येईपर्यंत द्यायचं, तसं लेखी द्या, नाहीतर हा अभ्यास इथं होणार नाही. कंपनीची माणसं हसली, मग गंभीर झाली, मग निघून गेली. रुग्णालयाच्या वरिष्ठांनी सरांना बोलावून घेतलं. मला मात्र सरांचा अभिमान वाटला आणि ही बातमी मी धावत शहागंजात नेली. वाटलं, मावशींच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल.

मावशी संतापल्या.

"तुम्ही कोण ठरवणार?" त्या म्हणाल्या. "दीड वर्ष का असंना, मला हात मिळाले. घरात सून आली, तिचा चुडा म्या माझ्या हातानं भरला. दुसऱ्या बायांला तेवढं तरी मिळालं असतं. तुमच्या भांडणात त्यांचं तेवढंही गेलं!"

"पण मावशी, तुमच्यासारखं मधेच बंद झालं असतं तर? म्हणून तर सर..."

"भांडा ना मग! नको कोण म्हणतंय? पण दार लावून कशाला भांडता? बाया भाहेर हुभ्या हायत."

 आजही मला नक्की सांगता येणार नाही की बरोबर कोण होतं, सर की मावशी. मी मावशींचं म्हणणं सरांना जसंच्या तसं सांगितलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कंपनीला फोन केला, अट सोडली नाही, पण बोलणं सुरू ठेवलं. पत्रं गेली, पत्रं आली. सरांच्या चिकाटीनं म्हणा किंवा कंपनीला आमच्याकडचे रुग्ण हवे होते म्हणून म्हणा, शेवटी ती अट लेखी मान्य झाली.

मी पहिला फोन मावशींना लावणार होते. त्याआधी सहज म्हणून कुणाला घेता येणार नाही त्या अटी वाचल्या. त्यातली एक अशी, की या जातीचं प्रायोगिक औषध पूर्वी घेतलेली व्यक्ती चालणार नाही. मी ते वाक्य सरांपुढं धरलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कंपनीला विचारून पाहिलं, सवलत नव्हती. ज्या बाईमुळं हा अभ्यास आमच्याकडे आला, तिलाच त्यात जागा नव्हती.

हे मी मावशींना फोनवर सांगितलं. मावशींनी मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या. बरोबर त्यांच्याच एसटीला येणारी एक बाई, अनुसया. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली, चाळिशीच्या आतली, डोळ्यांत भीती. मावशींनी तिचा हात धरून माझ्यापुढं केला. पेरं सुजलेली, अंगठा आखडलेला.

"हिला बसव," मावशी म्हणाल्या. "हिनं कसलंच औषध घेतलेलं नाय, जडीबुटीशिवाय. म्या सगळं इचारलंय."

अनुसयाच्या तपासण्या झाल्या, ती सगळ्या अटींत बसली. संमतीपत्र वाचायला मी सुरुवात केली तेव्हा मावशी शेजारी बसल्या होत्या. मधे मधे मला थांबवून अनुसयाला तिच्या भाषेत समजावत होत्या. "हिथं खोटी गोळी बी असती बरं. चिडायचं नाय." मग माझ्याकडे बघून, "चिडली तरी तारीख चुकवायची नाय."

जाताना मावशी जिन्याच्या कठड्याला कोपर टेकवत, एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरल्या. खाली पोचल्यावर वर वळून बघितलं.

"पोरी, हिचं औषध मधीच बंद केलं, तर म्या परत यीन. भांडायला."

त्याला आता बरेच दिवस झाले. अनुसया तारखेला येते. तिच्याकडून कळतं की मावशींनी दुकान पुरतं सुनीतावर सोपवलंय, फुलंब्रीतच असतात, कुणी भेटायला आलं की हात पदराखाली घेतात. आमच्या विभागासमोरचं ते बाक अजून तिथंच आहे. एसटीच्या वेळेला माझी नजर जिन्याकडे जाते. अनुसयाचं औषध चालू आहे. मावशी आलेल्या नाहीत.